घरचा असेंब्लर

जया कासारे ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या दातारांच्या कारखान्यात लागली ती एकोणनव्वद साली, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा हातात पडल्यावर काही महिन्यांनी. कारखाना म्हणायचा तो नावाला. पत्र्याची शेड, तिच्यात वर एक माळा. खाली बायका ओळीने बसून बोर्डांवर सोल्डरिंग करायच्या. वर दोन कॉम्प्युटर, प्रोग्राम साठवणाऱ्या ईप्रॉम चिप पुसायची पेटी आणि दातारसाहेबांचं टेबल. माल एकाच जातीचा. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांना लागणारा कंट्रोलर. रंगाचं पाणी किती तापवायचं, किती वेळ धरायचं, वाफेचा व्हॉल्व्ह कधी बंद करायचा, हे ठरवणारा एक करडा डबा, आणि त्या डब्यात एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा कॉम्प्युटर. डोंबिवली एमआयडीसीत, भिवंडीत, शहाडच्या बाजूला असे बरेच डबे लागलेले होते.

त्र्यंबक दातार तेव्हा पन्नाशीला आलेले. आधी एका मोठ्या कंपनीत होते, तिथून बाहेर पडून त्यांनी हे काढलं होतं. बोलणं पुस्तकी, आवाज कधी चढत नसे. पहिल्या दिवशी त्यांनी जयाच्या पुढ्यात झेरॉक्स कागदांचा एक गठ्ठा ठेवला. वर टाइप केलेलं होतं: सारथी.

"हा आपला असेंब्लर," ते म्हणाले. "चिपला आकडे कळतात, माणसाला शब्द. मधला दुभाषा म्हणजे हा. त्र्याऐंशी साली असं काही इथे मिळत नव्हतं, तेव्हा मी स्वतः लिहिला. आणि स्वतःच लिहायचा तर म्हटलं शब्द तरी उसने कशाला घ्या?"

जयाने पान उलटलं. अक्षरं इंग्रजी होती, कारण कॉम्प्युटरवर दुसरी नव्हती, पण शब्द मराठी होते. घे. ठेव. मिळव. वजा. तपास. उडी. परत. जगभर ज्या सूचनेला 'नोप' म्हणतात, म्हणजे काहीही न करता एक क्षण घालव, तिला दातारांनी नाव दिलं होतं 'गप'.

जयाला हसू आलं आणि बरंही वाटलं. पॉलिटेक्निकमध्ये तिने हा विषय इंग्रजीतून घोकून पास केला होता. वर्गात शंका विचारायची तर आधी मनात वाक्य जुळवावं लागे, आणि ते जुळेस्तोवर सर पुढच्या धड्यावर गेलेले असत. इथे महिन्याभरात ती स्वतःहून प्रोग्राम लिहायला लागली. दातार तिचं काम पाहून म्हणाले, "तुझा हात स्वच्छ आहे." याहून जास्त ते कोणालाच म्हणत नसत.

घर डोंबिवली पश्चिमेला, कोपर गावाच्या अंगाला असलेल्या चाळीत. वडील सखाराम कल्याणच्या लोको शेडमध्ये फिटर होते, नुकतेच निवृत्त झालेले. लेक कॉम्प्युटरवर काम करते एवढं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला जयभीम करता करता सांगत, पण नेमकं काय करते ते त्यांना सांगता येत नसे. एकदा जयाने प्रोग्रामचा छापील कागद घरी आणला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, एकेक अक्षर लावत वाचलं.

"घे... ठेव... तपास... उडी." मग वर पाहिलं. "अगं, हे तर हुकूम आहेत. आमचा फोरमन असाच बोलायचा."

"तेच, बाबा. मी मशीनची फोरमन आहे."

आई शांताबाई आतून म्हणाली, "मग जरा घरातल्या नळालाही हुकूम सोड म्हणावं, पाणी येऊ दे." तो विषय तिथेच राहिला.

माळ्यावर जयाच्या शेजारी दामाजी कोळी बसे. चेंदणी कोळीवाड्यातला, तिच्याआधी दोन वर्षं लागलेला. घरची होडी खाडीत होती, पण खाडीत मासळी उरली नाही म्हणून बापाने याला शिकवलं होतं. दामाजी हुशार होता आणि त्याला कामाची घाई असे. जयाला कारखान्यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम त्यानेच शिकवला.

एका कंट्रोलरचा प्रोग्राम तिने थोडासा बदलला, तर मशीन भलतंच करायला लागलं. तिने सगळं तपासलं. कुठे चूक सापडेना.

"दोन गप टाक," दामाजी म्हणाला.

"कुठे?"

"कुठेपण. सुरुवातीलाच टाक."

"अरे पण का?"

"का ते नाय माहीत. मी आलेलो तेव्हापण टाकायचे. एकाने कधी कधी भागत नाही, दोन टाकायचे."

तिने दोन गप टाकले आणि मशीन शहाण्यासारखं चालायला लागलं. पुढे तिलाही ती सवय झाली. जुने प्रोग्राम उघडले की जागोजाग गप दिसत. काही दातारांनी टाकलेले, काही सोडून गेलेल्या माणसांनी. कोणी ते काढत नसे. चालत्या गाडीला खीळ कशाला, असा सगळ्यांचा विचार.

अशी पाच वर्षं गेली. पगार वेळेवर होई, साहेब वाईट नव्हते, काम तिला येत होतं. पण चौऱ्याण्णव साली सीप्झमधल्या एका कंपनीची जाहिरात तिने पाहिली. मायक्रोकंट्रोलरवर काम केलेली माणसं हवी होती. चुलतबहिणीच्या साखरपुड्याचं सांगून तिने रजा घेतली आणि अंधेरीला जाऊन आली. दामाजीलाही बोलली नाही.

मुलाखत घेणारा तिच्याच वयाचा होता. बोलायला नीट. तिने केलेल्या कामाबद्दल त्याने बरंच विचारलं, आणि तिची उत्तरं ऐकून मान डोलावत राहिला. मग म्हणाला, "कंपायलर कोणता वापरता?"

"असेंब्लर. सारथी."

"कुठल्या कंपनीचा?"

"आमच्याच. आमच्या साहेबांनी लिहिलाय."

त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. "व्हर्जन?"

सारथीला व्हर्जन नव्हती. साहेब मधून मधून त्यात काही बदलत, तीच व्हर्जन.

"त्यात चूक नाही याची खात्री कोण देतं?" त्याने सहज विचारलं.

"साहेब," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता आपण काय बोललो ते तिलाच ऐकू आलं.

तो हसला नाही. उलट जरा ओशाळल्यासारखा झाला. इथे सगळं काम सी भाषेत चालतं, कंपायलर म्हणजे त्या भाषेचा दुभाषा, तिचा अनुभव चांगला असला तरी नव्या माणसासारखंच धरावं लागेल, आणि नव्या माणसासाठी ही जागा नाही, असं त्याने नीट समजावून सांगितलं. पाणी मागवलं, दारापर्यंत सोडायला आला.

परतताना जयाला त्याचा राग आला नाही. पाच वर्षांत आपण एक भाषा शिकलो आणि ती भाषा पृथ्वीवर तीन माणसं वापरतात, एवढाच हिशेब तिच्या डोक्यात फिरत राहिला.

आठवड्याने ती दातारांच्या टेबलाशी गेली.

"सर, आपण एखादा सी कंपायलर घ्यायचा का? आता बाजारात चांगले आलेत. दरवर्षी नवी व्हर्जन येते, जुन्यातल्या चुका सुधारून देतात."

दातारांनी पेन खाली ठेवलं. "सारथीत काय कमी आहे?"

"कमी म्हणून नाही..."

"घरी दूधदुभतं असताना बाहेरून भुकटी आणण्यासारखं आहे ते. त्यांचा कंपायलर काय करतो ते तुला दिसणार आहे का? सारथीची ओळ न् ओळ आपल्याकडे आहे."

जयाने धीर केला. "सर, बाहेर कोणी विचारलं की मी काय करते, तर मला सांगता यायला पाहिजे."

दातारांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "जायचंय का तुला?"

"आत्ता नाही," ती म्हणाली. ते खरं होतं, आणि पूर्ण खरं नव्हतं.

"मग आत्ता नको," दातार म्हणाले आणि त्यांनी पेन उचललं.

तिने एक सीचं पुस्तक विकत आणलं आणि रविवारी चाळीच्या गॅलरीत बसून वाचायला लागली. पण कंपायलर हाताशी नसताना ते वाचणं म्हणजे काठावर बसून पोहायला शिकणं. दोन-चार प्रकरणांनंतर पुस्तक फडताळावर गेलं.

पुढच्या साली डोंबिवली एमआयडीसीतल्या एका डाइंगमधून, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्यातून, फोन आला. नव्या जातीच्या कापडासाठी आदल्याच आठवड्यात तिथे प्रोग्राम बदलून दिला होता. पॉपलीनचा अख्खा लॉट गेला होता. जया आणि दामाजी तिथे पोचले तर सुपरवायझर भिवाजी म्हात्रे दारातच उभा होता. कापडाचा एक तुकडा त्याने दोघांपुढे धरला. तांबड्या रंगावर कोड फुटल्यासारखे पांढुरके डाग.

"बाय, तुमची मशीन येरी झाली गो, डोका फिरला तिचा," तो म्हणाला. "पाणी सोडून दिलान् आन् वाफ चालूच ठेवलीन्. मी हातानं व्हॉल्व्ह बंद केला म्हणून बरा. माझा पोरगा वाकलेला तिथं. भाजला असता."

दामाजीने मशीनभोवती एक चक्कर मारली आणि जयाला बाजूला घेतलं. "नवीन ईप्रॉम आणलीय ना? चल, दोन गप टाकून देऊ. जेवायच्या आत ठाण्याला पोचू."

"नको."

"अगं, नको काय? चालतंय ते."

"चालतंय, पण का चालतंय?" जया म्हणाली. वाफेचा व्हॉल्व्ह अजून तिच्या नजरेसमोर होता, आणि भिवाजीचा मुलगा दुसऱ्या मशीनवर वाकून काम करत होता. "मी आतली ईप्रॉम काढून नेते. तोपर्यंत यांना जुना प्रोग्राम देऊन जाऊ."

त्या ईप्रॉममधले आकडे तिने छापून काढले. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला चिप बनवणाऱ्यांचं जाडजूड माहितीपुस्तक. सारथीने जे भाषांतर केलं होतं ते तिने हाताने पुन्हा करायला घेतलं, ओळीमागून ओळ. हे काम कंटाळवाणं असतं. दामाजी येता-जाता डोकावायचा आणि मान हलवायचा. बरेच दिवस सगळं जुळत गेलं. मग एका सकाळी एक उडी जुळेना.

प्रकरण असं होतं. चिपच्या आतली जागा वहीसारखी पानांत विभागलेली असते. उडी त्याच पानात मारायची असेल तर आखूड सूचना पुरते. पण ती सूचना पानाच्या अगदी तळाच्या ओळीवर पडली, तर ती वाचून होईस्तोवर चिप पुढच्या पानावर गेलेली असते, आणि मग ती उडी नव्या पानात मारते. सारथीला हे माहीत नव्हतं. त्याच्या मते आपण अजून जुन्याच पानावर. म्हणजे जायचं होतं वाफ बंद करायच्या जागी, आणि चिप जाऊन पडायची भलत्याच ठिकाणी. असं क्वचित व्हायचं, सूचना नेमकी तळाला आली तरच. आणि प्रोग्रामच्या सुरुवातीला दोन गप टाकले की पुढच्या सगळ्या ओळी दोन जागा खाली सरकायच्या, उडी तळावरून हलायची, आणि दोष नाहीसा व्हायचा. पुढचा बदल होईपर्यंत.

जयाला आनंद झाला, आणि लगेच तो कमी झाला. हे आता साहेबांना दाखवायचं होतं.

तिने काही प्रस्तावना केली नाही. कागद टेबलावर पसरले, त्या ओळीवर बोट ठेवलं. दातारांनी वाचलं. माहितीपुस्तक स्वतः उघडून पाहिलं. मग तिचे आकडे पुन्हा एकदा मांडून पाहिले. एवढ्यात खालच्या बायका चहाला उठल्या, त्यांचा आवाज वर आला आणि विरला.

"बरोबर आहे तुझं," दातार म्हणाले. "म्हणजे इतकी वर्षं..." कागदांची चळत त्यांनी नीट केली आणि तिच्याकडे परत दिली. त्या दिवशी ते दुपारीच घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुरुस्तीला हात घातला. सारथी बेसिक भाषेत लिहिलेला होता, आणि बारा वर्षांत त्याला इतकी ठिगळं लागली होती की मूळ कापड कोणतं ते कळेनासं झालं होतं. एक ओळ सुधारली की दुसरीकडे काहीतरी निखळायचं. एका जागी त्यांनी पूर्वी कधीतरी दुसरी चूक झाकायला एक आकडा वाढवून ठेवला होता. का, ते लिहून ठेवलेलं नव्हतं. दातार तासन्‌तास पडद्याकडे बघत बसत. त्यांना कोणी काही विचारत नसे.

"दोन गप टाकून चाललं होतं की," दामाजी हळूच म्हणाला. "तू उगाच खणायला गेलीस."

आपण चूक केली असं तिला वाटत नव्हतं. पण साहेबांच्या पाठीकडे बघवतही नव्हतं.

शेवटी एका संध्याकाळी दातार तिच्या टेबलाशी आले. "मी लिहिलंय ते मलाच उलगडत नाहीये," ते म्हणाले. ते दुःखाने बोलत होते असं नाही. एखाद्या मशीनचा दोष सांगावा तसं त्यांनी सांगितलं.

काही आठवड्यांनी त्यांनी एक खोकं आणून तिच्यापुढे ठेवलं. आत दोन जाडे ग्रंथ, फ्लॉपींचं पाकीट आणि कॉम्प्युटरच्या मागे लावायचं डोंगल, म्हणजे एक कुलूपच, जे लावल्याशिवाय कंपायलर चालायचा नाही.

"दुकानदाराकडे मागची व्हर्जन स्वस्तात होती," दातार म्हणाले. "मी ताजीच मागवली. घ्यायचंच तर शिळं कशाला? आपलं सगळं यात आण. तू मागे म्हणाली होतीस."

"सर, सगळं?"

"सगळं. एकही डबा जुन्यावर ठेवायचा नाही."

पुढचं वर्ष त्या कामात गेलं. आधी तिने सीमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला, जो सारथीचे शब्द वाचून बाजारातल्या असेंब्लरचे शब्द लिहायचा. तो तिचा सीमधला पहिला धड प्रोग्राम. मग जसजसा हात बसला तसतसे एकेक कंट्रोलरचे प्रोग्राम तिने मुळापासून सीमध्ये उतरवले. फडताळावरचं पुस्तक खाली आलं. आता लिहिलेलं चालवून बघता येत होतं, त्यामुळे ते पुस्तकही बोलायला लागल्यासारखं झालं.

गप काढून टाकायचं काम तिने उत्साहाने सुरू केलं. पण एका मॉडेलमधला गप काढल्यावर डब्यावरचे आकडे अर्धेमुर्धे दिसायला लागले. ते आकडे दाखवणारं यंत्र सावकाश चालणारं, त्याला मध्ये खरंच थोडी उसंत लागायची. तो गप दातारांनी मुद्दाम टाकलेला होता. तेव्हापासून ती प्रत्येक गप काढण्याआधी साहेबांना विचारू लागली. बहुतेक वेळा ते म्हणत, "आठवत नाही, काढून बघ." कधी म्हणत, "हा राहू दे."

नव्या कंपायलरचेही रुसवे-फुगवे निघाले. नुसता वेळ काढायला तिने एक रिकामं चक्र लिहिलं होतं, एक ते हजार मोज आणि पुढे जा. कंपायलरने ते चक्रच उडवून टाकलं, कारण त्याच्या मते त्यातून काही निष्पन्न होत नव्हतं. जयाने कंपायलर विकणाऱ्या कंपनीच्या एजंटला फॅक्स केला. उत्तर आलं की ही चूक नाही, ग्रंथात अमुक पानावर लिहिलेलं आहे, वाचावं. हे ऐकून दातार पुष्कळ दिवसांनी मोकळेपणाने हसले. "म्हणजे याला कामाचं आणि बिनकामाचं कळतं, पण वाट बघणं हेही काम असतं हे कळत नाही," ते म्हणाले.

घरी एकदा सखारामांनी पुन्हा तिचे कागद मागून घेतले. चष्मा लावून पाहिलं, थोडा वेळ अक्षरं लावली आणि परत दिले. "आता तुझं तुलाच कळणार," ते म्हणाले. जयाने समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी ऐकून घेतलं, पण पुन्हा कागद मागितले नाहीत.

या सगळ्यात दामाजीही शिकला. आधी कुरकुरत, मग झपाट्याने. ग्रंथ तो घरी घेऊन जायचा. शहाण्णवच्या शेवटी एका दुपारी त्याने जयाला खाली टपरीवर चहाला बोलावलं.

"मी सोडतोय," तो म्हणाला. "सीप्झमध्ये झालं."

"कुठल्या कंपनीत?"

त्याने नाव सांगितलं. तीच कंपनी. जयाने चहाचा घोट घेतला, तोंड पोळलं.

"काय विचारलं मुलाखतीत?"

"जास्त काय नाय. कंपायलर कुठला, व्हर्जन कुठली. मी सांगितलं, एकदम लेटेस्ट. तो खूश. म्हणाला, जुन्या कोडचं नवीन कोड केलंय का? मी बोललो, अख्ख्या कंपनीचं केलंय." मग जरा अडखळून म्हणाला, "म्हणजे आपण. आपण केलंय, असंच बोललो मी."

"बरं केलंस," जया म्हणाली.

तिला वाईट वाटलं का, तर वाटलं. पण दामाजीने काही चोरलं नव्हतं. तोही शिकला होता, त्यालाही सारथीने तितकंच अडकवून ठेवलं होतं. आपण दार उघडलं आणि आधी तो बाहेर पडला, एवढंच. तिने त्याच्या चहाचे पैसे दिले आणि आपण त्याच जागी जाऊन आलो होतो हे त्याला कधीच सांगितलं नाही.

दामाजीच्या जागी दोन नवी माणसं आली. दोघांनाही सी येत होतं. पहिल्या आठवड्यातच ती कामाला लागली, त्यांना काही शिकवावं लागलं नाही. दातार समाधानाने म्हणाले, "आता इथे कोणीही येऊन काम करू शकतं." ते तिच्या कामाचं कौतुकच होतं. जयाने ते तसंच घेतलं, आणि त्याचा दुसरा अर्थही तिच्या लक्षात आला. पूर्वी तिला जाता येत नव्हतं तसं साहेबांनाही तिला घालवता येत नव्हतं. आता दोघंही मोकळे होते. हे काही कोणी बोलून दाखवलं नाही. पगारवाढीच्या वेळी मात्र तिला जाणवलं की बोलणं पूर्वीपेक्षा लवकर संपलं.

पुढच्या वर्षी महापेला विजेचे मीटर बनवणाऱ्या कंपनीत तिला नोकरी मिळाली. राजीनामा घेऊन ती दातारांसमोर उभी राहिली तेव्हा त्यांनी तो वाचला नाही, नुसता हातात धरला.

"सारथीमुळे जातेस का?" त्यांनी विचारलं. "तेव्हा मी नाही म्हणालो होतो म्हणून?"

"नाही सर. सारथी असता तर मला जाताच आलं नसतं."

"तेही खरं," ते म्हणाले. "एक सांगू? तो लिहिला तेव्हा कोणाला बांधून ठेवायचं माझ्या मनात नव्हतं. मला इंग्रजी शब्दांचा कंटाळा होता, एवढंच."

"मला माहीत आहे, सर. मी शिकले ती त्याच्यामुळेच."

मग दातारांनी तिला एका जुन्या गिऱ्हाइकाच्या डब्याबद्दल काहीतरी विचारलं, तिने सांगितलं, आणि ते बोलणं बराच वेळ चाललं.

महापेची कंपनी मोठी होती. एसी, ओळखपत्रं, जेवायला कँटीन. तिला ज्याच्या हाताखाली दिलं तो श्रीपाद सोमण चाळिशीचा, सावध माणूस होता. पहिल्याच दिवशी त्याने तिला कॉम्प्युटर दाखवला, आणि तिने सवयीने कंपायलरची व्हर्जन पाहिली. दोन व्हर्जन मागची होती.

"नवी आली आहे का?" तिने विचारलं.

"आली आहे. पाकीट कपाटात आहे, फोडलं नाही कोणी," श्रीपाद म्हणाला. "चालतंय ते चालू द्यावं, असं आमचं धोरण आहे."

पहिले काही दिवस जया काही बोलली नाही. नवी जागा, आल्या आल्या शहाणपणा कशाला. जुने प्रोग्राम वाचत राहिली. मग एका सकाळी तिने श्रीपादकडे कपाटाची किल्ली मागितली.

"आणि काही बिघडलं तर?" तो म्हणाला.

"जुनं पुसायचं नाही. दोन्हीकडे तोच प्रोग्राम चालवायचा आणि आकडे शेजारी शेजारी ठेवून बघायचे. बिघडलं तर काय बिघडलं ते तरी कळेल."

श्रीपादने किल्ली दिली, पण लिहून घेतलं की हे तिच्या जबाबदारीवर आहे. तिने सही केली.

नव्या व्हर्जनने पहिल्याच प्रोग्रामवर तीन इशारे दिले. दोन किरकोळ निघाले. तिसरा युनिटांच्या बेरजेवर होता: आकडा फार वाढला की ठेवलेल्या जागेत मावणार नाही आणि मीटर चुकीचे युनिट दाखवेल; त्यासाठी तिने श्रीपादला हाक मारली. तो खुर्ची ओढून शेजारी बसला, पडद्याकडे वाकला आणि ती ओळ त्याने दोनदा वाचली.

"हे कधीपासून आहे?" त्याने विचारलं.

"सुरुवातीपासून असावं," जया म्हणाली. "चला, कुठले मीटर बाहेर गेलेत ते बघू."